वगळलेला अंश

शंखाची कड तुटली होती. वर भोक नव्हतं, कवच झिजलेलंही नव्हतं. तोंडाजवळचा तुरीच्या डाळीएवढा तुकडा एका फटक्यात उडाला होता आणि तुटल्या जागी पांढरी, ताजी धार दिसत होती. केतकीने तो शंख तळहातावर घेऊन खिडकीच्या उजेडात फिरवला. आतली गोगलगाय कुणीतरी चाटूनपुसून खाल्ली होती.

"भोक असतं तर दुसरी शिकारी गोगलगाय म्हटलं असतं," ती मुलीला, रेवाला, म्हणाली. "कुरतडलेलं असतं तर खेकडा. हा ठोसा आहे."

"म्हणजे बिनतिकीट," रेवा म्हणाली, आणि दोघी टाकीसमोर वाकल्या.

समुद्रापासून शेकडो कोस दूर नागपुरात, त्रिमूर्तीनगरातल्या तिसऱ्या मजल्यावर समुद्र पाळणं हा तसा वेडेपणाच. उन्हाळ्यात बाहेर अठ्ठेचाळीस अंश, माणसं कूलरपुढे तळमळत पडलेली, आणि टाकीतलं पाणी मात्र चिलर लावून पंचविसावर राखायचं. रेवा सहा वर्षांची असताना हट्ट करून तिने ही टाकी मागितली होती. आता ती अकरावीत होती, आणि टाकी घरातल्या चौथ्या माणसासारखी झाली होती. पराग, म्हणजे केतकीचा नवरा, दर रविवारी शुद्ध पाण्यात समुद्री मीठ कालवून खारं पाणी तयार करी. प्रवाळांना खाऊ घालणं रेवाकडे. केतकी कॉलेजात जीवरसायनशास्त्र शिकवायची. क्षार आणि आम्लता मोजणं तिच्याकडे आपसूक आलं होतं.

शहरात अशी टाकी ठेवणारी दहाबारा घरं होती, त्यांचं मिळून एक मंडळ होतं. समुद्रातून दगड उचलायला बंदी येऊन कैक वर्षं झाली होती, त्यामुळे जुने दगडच एका घरातून दुसऱ्या घरात फिरत. दगड नुसता दगड नसे. त्याच्या भोकांत, कपारींत कोण कोण दडून आलेलं असे: काटेरी केसांचे किडे, एकाची पन्नास होणारी काचेसारखी पारदर्शक समुद्रफुलं, अंगठ्याएवढे खेकडे. वर्षवर्ष दिसायचे नाहीत आणि मग एक दिवस मासा गायब व्हायचा. या न बोलावलेल्या पाहुण्यांना मंडळातले लोक बिनतिकीट म्हणत. पूर्वी ते ओळखायचे म्हणजे अंधारात लाल बॅटरी घेऊन टाकीसमोर बसायचं, काही हललं की फोटो काढायचा आणि गटावर टाकायचा. मग पाच जण सात नावं सांगत.

आता जलवाचक आलं होतं. मंडळाने सगळ्यांत मिळून एक घेतलं होतं आणि ते पाळीपाळीने घरोघरी जाई. यंत्र चहाच्या डब्याएवढं, पण त्यामागचं तत्त्व साधं होतं. पाण्यातला प्रत्येक जीव सतत स्वतःचं काहीतरी सांडत असतो. त्वचेच्या पेशी, चिकटा, विष्ठा. त्या प्रत्येक कणात त्याचा डीएनए असतो. जलवाचक पेलाभर पाणी गाळून घेई, गाळात राहिलेल्या पेशी एकेक सुट्या करून वाचे आणि जगभरच्या जीवांच्या संग्रहाशी ताडून पाही. लपलेला जीव दिसायची गरजच उरली नव्हती. तो नुसता जगत असला तरी पकडला जाई.

यंत्राने सकाळी यादी दिली. केसाळ किडे, निरुपद्रवी. काचफुलं, थोडी. आणि शेवटून तिसरी ओळ: ठोसेबाज कोळंबी, एक, बहुधा पूर्ण वाढलेली. बोटभर लांबीचा हा प्राणी पुढचा पाय इतक्या वेगाने हाणतो की शंख फुटतात. यादीच्या तळाशी नेहमीप्रमाणे बारीक अक्षरात लिहिलेलं होतं: मानवी अंश वगळला.

"हे काय?" रेवाने विचारलं.

पाण्यात हात घालणाऱ्यांच्या पेशी पण येतात, केतकीने सांगितलं. त्या कुणाला नको असतात, म्हणून यंत्र त्या मोजण्याआधीच बाजूला टाकतं.

"पण तूच म्हणतेस ना, टाकून दिलेलं आधी बघावं?"

केतकी हसली. वर्गात ती हे वाक्य दरवर्षी म्हणे. आलेख सुंदर दिसावा म्हणून जो बिंदू खोडला जातो, खरी गोष्ट पुष्कळदा त्याच्यापाशी असते. मुलगी आपलं ऐकते याचा तिला त्या क्षणी बरं वाटण्यापलीकडे काही अर्थ लागला नाही.

दोन दिवसांनी, संध्याकाळी, घरात केतकी एकटीच होती. गॅलरीत बसून पेपर तपासताना डास फोडून खायला लागले म्हणून तिने हाताला मलम चोळलं होतं. आत आली तर टाकीच्या डाव्या कोपऱ्यातल्या दगडातून देठांवरचे दोन डोळे बाहेर डोकावत होते, एक इकडे फिरतोय, एक तिकडे. तिने हात घाईघाईने नळाखाली धरला, बाही वर केली आणि कोपरापर्यंत हात पाण्यात घालून दगड उचलला. कोळंबी निसटली. हात बाहेर काढल्यावर पाण्यावर तेलकट, इंद्रधनुषी तवंग तरंगताना तिला दिसला. तिने तो कागदाने टिपून घेतला आणि मनाशी म्हटलं, एवढ्याशाने काय होतंय.

सकाळी न्हावी मेलेला होता. तांबड्या-पांढऱ्या पट्ट्यांची ती कोळंबी माशांच्या अंगावरचे किडे वेचून खाई, म्हणून रेवाने तिचं नाव न्हावी ठेवलं होतं. रेवाने बोट पाण्यात धरलं की तो येऊन तिची नखं साफ करत बसे. वर्गातल्या मैत्रिणींना ती फोनवर सांगे, थांबा, माझं मॅनिक्युअर चालू आहे. आता तो वाळूवर आडवा पडला होता, पांढुरका. प्रवाळांनी तोंडं मिटली होती.

रेवा रडली नाही. तिने पाणी तपासलं, क्षार बरोबर, आम्लता बरोबर. मग ती स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली.

"कुणाच्या तरी हाताला काहीतरी होतं. काल कुणी हात घातला?"

पराग म्हणाला, मी तर आठ वाजता घरी आलो. केतकी भेंडी चिरत होती. घराचा नियम रेवाचाच होता: साबण नाही, क्रीम नाही, नुसत्या पाण्याने कोपरापर्यंत धुतलेला हात. मोडणाऱ्याला ती आठवडाभर टोमणे मारी. परागने एकदा अत्तर लावून हात घातला होता, तर त्याला महिनाभर 'नवरदेव' म्हणत होती.

"नाही ग," केतकी म्हणाली.

इतकं सहज निघालं ते. डोक्यात फक्त मलम होतं, आणि पोरीचा उतरलेला चेहरा. दुपारी शांत झाली की सांगू, असं तिने ठरवलंसुद्धा. दुपारी मात्र रेवा जलवाचक घेऊन बसली होती आणि खोलीचं दार लावलेलं होतं.

रात्री जेवताना ती आली ती विजयी मुद्रेने. यंत्राची गाळणी तिने काढून टाकली होती. वगळलेला सगळा मजकूर उतरवून घेतला होता आणि नातं काढायचा फुकट मिळणारा प्रोग्रॅम त्यावर चालवला होता. केतकीच्या ताटातला घास ताटातच राहिला.

"तीन माणसं सापडली," रेवा म्हणाली. "एक मी. माझ्या थुंकीशी ताडून बघितलं. दुसरा पुरुष, आणि तो माझा बाप आहे. बाबा, अभिनंदन, मशीननी पास केलं तुम्हाला."

पराग हसला नाही. रेवाचं लक्ष नव्हतं.

"तिसरी बाई आहे. तिच्या पेशी सगळ्यात ताज्या, काल संध्याकाळच्या. आपल्या दोघांशी तिचं काडीचं नातं नाही." मग ती केतकीकडे वळून म्हणाली, "आणि आई, सॉरी. मला वाटलं होतं तू थाप मारतेयस. पण तू खरंच कुठेच नाहीस."

पराग पाणी प्यायला. केतकीने आमटीची वाटी उचलली आणि परत ठेवली.

"मग कोण?" परागने विचारलं. त्याचा आवाज कोरडा होता.

"कोण म्हणजे? संध्याकाळी घरात दुसरं कोण येतं? मंदामावशी."

खरं तर ही गोष्ट रेवा बोलायला लागली तेव्हाच सांगायची होती. ज्या दवाखान्यात त्यांनी उपचार घेतले तिथल्या समुपदेशक बाईंनी तेव्हाच बजावलं होतं. स्त्रीबीज दुसऱ्या कुणाचं आहे हे मूल बोलायला लागलं की गोष्टीसारखं सांगायला लागा; एकदम सांगायची वेळ येऊ देऊ नका. दोघांनी मान डोलावली होती. केतकीचं स्वतःचं बीज बनायचं पस्तिशीच्या आतच थांबलं होतं. दिलेलं बीज कुणाचं, हे कायद्याने त्यांना कळलं नाही, आणि तिने कधी विचारलंही नाही. नऊ महिने तिने वाढवलं, तिच्याच रक्तावर. टाके तिच्याच पोटावर होते.

मग बारशाला आत्याबाई म्हणाल्या, अगदी केतकीचं नाक. शेजारणी म्हणाल्या. शाळेतल्या बाई म्हणाल्या. केतकीने एकदाही कुणाला दुरुस्त केलं नाही. उलट ते ऐकायला तिला आवडू लागलं, इतकं की आरशासमोर रेवाची वेणी घालताना ती स्वतःही दोन नाकं न्याहाळून बघे. सांगायचा दिवस पुढे सरकत गेला. बालवाडी होऊ दे. चौथी होऊ दे. वयात येतेय, आत्ता नको. दहावीचं वर्ष आहे. दर वेळी कारण खरं असे, आणि दर वेळी ती सुटका झाल्यासारखी झोपे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मंदाताई, म्हणजे रेवाची मंदामावशी, धुण्याभांड्याला आल्या. दहाएक वर्षं त्या या घरात होत्या. रेवाने त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि मग शास्त्रज्ञाच्या सभ्यतेने विचारलं की परवा संध्याकाळी तुम्ही टाकीत हात घातला होता का. खरं सांगा, मी रागावणार नाही.

"मी काऊन घालन वं त्या पान्यात हात?" मंदाताई हसून म्हणाल्या. "काच पुसतो तं बाहीरून पुसतो. तुह्या आईनंच सांगितलं हाय मले, हाताले साबन राहते म्हनून."

रेवा म्हणाली, पण मशीनमध्ये आलंय.

मंदाताईंनी केतकीकडे पाहिलं. तक्रार नव्हती त्या नजरेत. घरातल्या मोठ्या माणसाने आता एक शब्द बोलावा आणि हा पोरखेळ संपवावा, एवढीच वाट होती. केतकी दारात उभी होती. ती म्हणाली, "जाऊ दे ना रेवा, चुकून झालं असेल."

म्हणताक्षणी तिला कळलं आपण काय केलं. मंदाताईंनी पाण्याचा पेला न पिताच ओट्यावर ठेवला.

"चुकून बी नाही झालं, ताई," त्या म्हणाल्या. "मशीनचं आयकता, माह्यं नाही आयकत. बरं हाय." भांडी घासून त्या गेल्या, आणि दुसऱ्या दिवशी आल्या नाहीत. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही. फोन त्यांच्या सुनेने उचलला आणि तब्येत बरी नाही म्हणून सांगितलं.

सकाळच्या चहाला पराग आणि केतकी गॅलरीत बसले. रेवा क्लासला गेलेली होती. परागने हळू आवाजात सगळं मांडलं. तो दुष्ट माणूस नव्हता. तो म्हणत होता, बारावी होऊ दे, एकच तर वर्ष आहे. मंदाताईंना मी भेटतो, समजूत घालतो. जलवाचक पुढच्या घरी पाठवून देऊ. महिनाभरात पोरगी विसरेल.

"आणि मी टाकीत हात कधी घालायचा?" केतकीने विचारलं. "की हातमोजे घालून? माझ्याच घरात?"

परागने कपबशा उचलून आत नेल्या.

एका गोष्टीचा ती कित्येक वर्षं आधार धरून होती. गर्भातल्या बाळाच्या काही पेशी बाळाला पोसणारी वार ओलांडून आईच्या शरीरात शिरतात आणि तिथे दशकानुदशकं टिकतात. तिच्या रक्तात, कदाचित यकृतात, कदाचित पोटावरच्या टाक्यांच्या व्रणाशी, रेवाच्या मोजक्या पेशी आजही असतील. सांगायची वेळ आली की हे सांगायचं, तिने ठरवून ठेवलं होतं. आपण जोडलेल्या आहोत, हे बघ विज्ञान म्हणतंय. पण जलवाचकाने एक पेलाभर पाणी गाळलं आणि तिला घरातली परकी बाई ठरवलं, तेव्हा त्या मोजक्या पेशी कुठेच उमटल्या नाहीत. तिला स्वतःचाच राग आला. मुलीला लहानपणीच सांगितलं असतं तर यंत्राचं म्हणणं तिने हसण्यावारी नेलं असतं. आई, तू परकी निघालीस, अशी चेष्टा केली असती. जी गोष्ट घरात सगळ्यांना ठाऊक असते, तिला पकडता येत नाही. आपणच तिला बिळात कोंडून मोठं केलं.

आणि भीती तरी कशाची होती? रेवा त्या दुसऱ्या बाईला शोधायला निघेल याची. झालं उलटंच. रेवा शोधायला निघाली होती ती केतकीलाच.

शनिवारी बाटलीच्या सापळ्यात ठोसेबाज कोळंबी सापडली. हिरवी, मोरपंखी झाक असलेली, फार देखणी. रेवाने तिला वेगळ्या भांड्यात ठेवलं आणि मंडळातल्या एकाला द्यायचं ठरवलं. केतकीला वाटलं, आता प्रकरण मिटेल. पण जेवण झाल्यावर रेवा चेहऱ्याला दुपट्टा गुंडाळून, गॉगल लावून, स्कूटीची किल्ली घेऊन बाहेर आली. भर दुपारी रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. तिच्या हातात बंद झाकणाची छोटी नळी होती, आणि त्यात कापसाचा बोळा लावलेली काडी.

"कुठे?"

"मंदामावशीकडे. गालाच्या आतून फक्त एकदा काडी फिरवायची. जुळलं तर प्रश्न मिटला. नाही जुळलं तर मी पाया पडून माफी मागीन."

"अग, त्यांना काय वाटेल?"

"वाईटच वाटेल. आत्ताही वाटतंच आहे ना? निदान खरं तरी कळेल." तिने चपला घातल्या. "तुला काय वाटलं, मला बरं वाटतंय? त्या आल्या नाहीत तेव्हापासून मला भात गिळवत नाहीये. पण मशीन खोटं कशाला बोलेल, आई? कुणीतरी बाई आहे. कुणीतरी हात घातलाय आणि कबूल करत नाहीये."

आतल्या खोलीत परागचा मोबाइल वाजत होता आणि त्याने तो बंद केला. तो ऐकत होता, केतकीला माहीत होतं. मंदाताईंच्या दोन खोल्यांत ही पोरगी काडी घेऊन जाईल, सुनेसमोर, नातवंडांसमोर त्यांना तोंड उघडायला सांगेल. त्या उघडतील. खरेपणाचा पुरावा देण्यासाठी तोंड उघडावं लागेल त्यांना. काडी जुळणार नाही. मग रेवा परत येईल आणि दुसरी काडी काढेल, कारण तिला कुणी शिकवलंय, टाकून दिलेलं आधी बघावं.

"तिकडे जाऊ नकोस," केतकी म्हणाली. "मंदाताईंचा हात पाण्यात गेला नव्हता."

"तुला कसं माहीत?"

"डासांचं मलम लागलेला हात होता तो. डाव्या कोपऱ्यातला दगड उचलला, कोळंबी दिसली म्हणून. पाण्यावर तवंग आला होता."

रेवाने गॉगल काढला. दुपट्ट्यातून फक्त तिचं कपाळ आणि डोळे दिसत होते आणि डोळे आधी रागावले, न्हाव्यासाठी, थापेसाठी. ती काही म्हणणार होती. मग थांबली. तिच्या कपाळावर ती आठी पडली, जी गणित सुटत नसताना पडते. केतकीने ती आठी पडताना पाहिली आणि तिला वाटलं, अजूनही वेळ आहे, म्हणावं की यंत्र चुकलं असेल, संग्रहात घोळ असेल, यंत्रं चुकतातच. पोरीने विश्वास ठेवला असता. तिला ठेवायचाच होता.

"पण मग तू यादीत यायला हवी होतीस," रेवा सावकाश म्हणाली. "माझी आई म्हणून."

केतकीने तिच्या हातातली नळी काढून घेतली आणि चपलांच्या कपाटावर ठेवली. ती उंबऱ्यातच बसली, आणि रेवाचा हात धरून तिला शेजारी बसवलं.

"यादीत मी आहे, रेवा," ती म्हणाली. "ती तिसरी बाई मी आहे."